कोणते वडील?

लहानपणी आमच्या घरी एक घोटाळा नेहमीचा असे. माझे वडील मंडळीतही ‘वडील’ होते. शाळेत कुणी विचारले, “तुझे वडील काय करतात?” की मी घरातले सांगू की देवळातले, या पेचात पडे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या प्रेस्बिटेरियन पंथात मंडळीचा कारभार एकटा पाळक पाहत नाही. सभासद आपल्यांतूनच काही जणांना निवडतात. डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून त्यांची स्थापना होते. त्यांनी पाळकाबरोबर बसून मंडळीचे बरेवाईट पाहायचे आणि प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीची ताटे व द्राक्षरसाचे चिमुकले पेले बाकाबाकांवरून फिरवायचे. पगार नाही. जिनिव्हात कॅल्विनने १५४१ साली अशा बारा वडिलांचा नियम घालून दिला होता. कोल्हापुरातले मिशनचे काम १८७० साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांकडे गेले आणि ही रीत आमच्याकडे रुजली.

परवा पाळकसाहेब घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, “यंदा तुमचे नाव सुचवावे म्हणतो. रविवारी सांगा.” मला गुदगुल्या झाल्या, खोटे कशाला बोलू!

ते गेल्यावर पौलाने तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र काढले. तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या कारभाऱ्याच्या गुणांची यादी आहे. वाटले होते, विद्वत्ता, हुद्दा, वर्गणी असे काही असेल. पण शिकवण्याची हातोटी सोडली तर सारे घरगुतीच! एकच बायको असावी, दारूचा नाद नसावा, हात उगारू नये, भांडू नये, पैशाचा लोभ नसावा, पाहुण्याला दार उघडे असावे. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, असा रोखठोक सवालही आहे. आणि शेवटी, मंडळीबाहेरच्यांनीही त्याला चांगले म्हटले पाहिजे.

हे शेवटचे वाचले आणि आमचा गवळी आठवला. वडिलांनी एकदा शनिवारी त्याला भर गल्लीत दुधात पाणी घातल्याबद्दल फैलावर घेतले. संध्याकाळी उलगडा झाला, पाणी आमच्याच भांड्यात राहिले होते. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. वडिलांनी ताट हाती घेतले नाही. मागच्या बाकावर, आमच्या शेजारी येऊन बसले. ताट आमच्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी ते नुसतेच पुढे सरकवले. उपासना संपताच कोट न उतरवता थेट गवळीवाड्यात गेले. मीही मागोमाग गेलो होतो. गवळी बिचारा भेदरून गेला. इतक्या मोठ्या माणसाला बसायला काय द्यावे, हेच त्याला सुचेना. वडील गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले.

मी पुस्तक मिटले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय ठरले?”

“विचार करतोय.”

“करा. पण भावजींचा फोन आला की तुम्ही परसात जाता, त्याला यंदा चार वर्षे होतील.”

धाकट्याचे आणि माझे घराच्या वाटणीवरून बिनसले आहे. चूक त्याची आहे, असे मी चार वर्षे सगळ्यांना पटवून देत आलो आहे. ही मात्र ऐकून घेते, मान हलवत नाही.

“नंबर दे त्याचा,” मी म्हणालो.

“तुमच्याच वहीत आहे,” ती म्हणाली, “पहिल्या पानावर.”