बर्फाला जागा

न्यू जर्सीत सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटला की पूलमध्ये उतरणारी मंडळी घरात जातात. पूल मात्र लगेच बंद करायचा नसतो. पाणी कोमट असताना झाकण घातलं तर शेवाळाला मोकळं रान मिळतं. म्हणून पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरेपर्यंत मी थांबतो. आमच्याकडे ते बहुधा ऑक्टोबरात जमतं. फार रेंगाळूनही चालत नाही. ओकची झाडं पानं टाकायला सगळ्यांत आळशी, आणि ती पाण्यात कुजली की तळाला तपकिरी डाग देऊन जातात. थंडी आणि पानगळ या दोघांच्या मधला एखादा कोरडा शनिवार हेरावा लागतो.

हिवाळ्यात पूल फुटतो तो थंडीने नव्हे, कोंडीने. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. वर आभाळ मोकळं असेल तर ते फुगणं वर निघून जातं आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपात, पंपाच्या पोटात, हीटरच्या नळ्यांत त्याला वर जायला वाटच नसते. मग ते बाजूला जागा करून घेतं, आणि ती कशी करून घेतली हे आपल्याला मे महिन्यात कळतं. तेव्हा कुठलं पाणी राहू द्यायचं आणि कुठलं हाकलायचं, हा निवाडा म्हणजेच ही सगळी कला.

बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांनी माझी खटपट थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, “अरे, एवढं करण्यापेक्षा उपसून रिकामाच कर की.”

“बाबा, खालच्या जमिनीतही पाणी आहे. पूल रिकामा झाला तर ते खालून रेटा देईल. काँक्रीटचे पूलसुद्धा असे वर उचलले जातात.”

विहिरीचा गाळ काढताना तळातून येणाऱ्या झऱ्यांशी ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्यांना एवढं पुरलं. “म्हणजे आतलं पाणीच त्याला दाबून धरतंय म्हण,” ते म्हणाले. अगदी तसंच. म्हणून सुमारे ८०,००० लिटर पाणी मी जागच्या जागी ठेवतो. फक्त पातळी स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली काही इंच उतरवतो.

राहणाऱ्या पाण्याची आधी नीट व्यवस्था लावायची. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी दशलक्ष भागांत ८० ते १२०. त्यानंतर संध्याकाळी क्लोरीनचा जोरदार डोस आणि रात्रभर पंप चालू. शेवाळाचं औषध क्लोरीन उतरल्यावर. दोन्ही एकदम ओतली तर क्लोरीन त्या औषधालाच खाऊन टाकतं. यात हुशारी फारशी नाही, शिस्त आहे.

खरी मजा पाइप फुंकण्यात. ब्रेकर पाडून पंप उघडायचा आणि ज्या पाइपांतून एरवी पाणी धावतं त्यांत शॉप व्हॅकची हवा सोडायची. आधी स्किमर गुरगुरतो, थुंकतो, मग त्यातून कोरडी हवा यायला लागते. त्यानंतर रिटर्न. भिंतीतल्या तोट्यांपैकी जवळची पहिल्यांदा बुडबुडे सोडते. बुडबुडे जोरात येत असतानाच थंडगार पाण्यात हात घालून तिथे रबरी बूच बसवायचं आणि विंगनट आवळायचा. लगेच हवेचा सगळा रेटा पुढच्या तोटीकडे वळतो. बोटं बधिर होतात, पण हातमोजे घातले तर बूच तिरकं बसलंय का ते कळत नाही.

मेन ड्रेनची गंमत वेगळी. तो तळाशी, त्याला बूच लावायला खोल पाण्यात कोण जाणार? त्यात हवा रेटत राहायचं. तळातून मोठे बुडबुडे उसळायला लागले की शॉप व्हॅक चालू असतानाच व्हॉल्व्ह बंद करायचा. हवा पाइपात अडकते आणि पाण्याला वर येऊ देत नाही. तळाजवळचं पाणी तसं गोठत नाही. धोका असतो तो पंपाकडे चढत येणाऱ्या, जमिनीच्या वरच्या थरातल्या पाइपाला. तिथे आता हवा आहे. एखाद्या पाइपाचा भरवसा वाटला नाही तर त्यात पूलसाठीचं, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओततो. गाडीतलं कधीच नाही. ते बहुधा एथिलिन ग्लायकॉलचं, म्हणजे विष.

मग पंप, फिल्टर, हीटर यांची खालची बुचं काढायची. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा दोन खाचांच्या मध्ये ठेवायचा, म्हणजे आतला कुठलाच कप्पा कोंडलेला राहत नाही. काढलेली सगळी बुचं पंपाच्याच टोपलीत टाकतो. वसंतात त्यांच्यासाठी गॅरेज धुंडाळावं लागत नाही.

स्किमरमध्ये मात्र पाऊस आणि वितळलेला बर्फ शिरणारच. तिथे पोकळ प्लास्टिकची जाड नळी उभी बसवतात. बर्फ फुगला की तो तिला चेपतो आणि स्किमर वाचतो. ज्यांच्या झाकणाच्या कडा पाण्याच्या पिशव्यांनी दाबलेल्या असतात, ते त्या पिशव्याही गच्च भरत नाहीत. तत्त्व तेच.

शेवटी झाकण. माझं जाळीचं आहे, पितळी अँकरांना स्प्रिंगने ताणलेलं. पाणी झिरपतं, पानं वर राहतात. रात्री हरणं अंगणात येतात, शेजारची मुलं चेंडूमागे धावतात, म्हणून इथे ढिलाई नाही.

कंप्रेसर घेऊन येणारे व्यावसायिक हे सगळं भराभर उरकतात, आणि कामही चांगलं करतात. तरी मी ते स्वतः करतो. जमिनीत गाडलेले पाइप एरवी मुके असतात. कुठला कुठून निघतो आणि कुठे उगवतो हे फक्त फुंकायच्या दिवशी कळतं. एखादी तोटी गेल्या वर्षीपेक्षा उशिरा बोलली तर तिच्या वाटेवर काहीतरी अडकलंय, हे दुसरं कुणी मला सांगणार नाही.

नवीन पूल घेतलेले मित्र यादी मागतात. मी देतो, पण प्रत्येकाचा पूल वेगळा, यादी कुठेतरी अपुरी पडतेच. म्हणून एक प्रश्नही देतो. प्रत्येक नळी, प्रत्येक भांडं, प्रत्येक खोबण यांच्यापुढे उभं राहून विचारायचं: इथलं पाणी गोठलं तर फुगून कुठे जाईल? उत्तर सापडलं नाही, तर ते पाणी आजच बाहेर काढायचं.