विमान पडले आणि आम्ही सगळे तज्ज्ञ झालो

सुरतेला माझे एक मामा असतात. गोव्याचा माणूस सुरतेत कसा, असे पुष्कळ जण विचारतात. तर त्याचे असे झाले, की गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता त्या काळात मामा सरकारी नोकरीत लागले आणि बदली होऊन दमणला गेले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले आणि दमण-दीव मागे राहिले. तोवर मामांनी सरकारी नोकरी सोडली होती. सुरतेत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला ते बसले, ते निवृत्त होईपर्यंत. उधना भागात घर घेतले. शेजारी सगळे खानदेशी. त्यामुळे मामांच्या घरात कोकणी, जिन्यात अहिराणी आणि रस्त्यावर गुजराती असा कारभार.

२०२५ च्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. १२ तारीख, गुरुवार. दुपारची जेवणे झाली होती, मामी भांडी आवरत होती आणि मी पंख्याखाली आडवा होण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात समोरच्या घरातला मुलगा धावत आला, "काका, टीव्ही लावा, अहमदाबादला विमान पडलं."

पुढचे सगळ्यांनी पाहिलेच आहे. लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७८७. दुपारी १ वाजून ३८ मिनिटांनी जमीन सोडली आणि अर्ध्या मिनिटात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानात २४२ माणसे होती, त्यांतला एकच प्रवासी वाचला. जमिनीवर १९ गेले. एकूण २६०. ताटावर बसलेली मुले त्या मेसमध्ये होती. टीव्हीवर अर्धवट जेवलेली ताटे दाखवत होते. मामीने ते पाहिले आणि ती आत निघून गेली.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

चार वाजेपर्यंत मला विमान का पडले हे कळले होते! मोबाईलवर कोणी तरी काढलेली ती चित्रफीत आली होती. विमान वर चढता चढता जणू थबकते आणि नाक वर ठेवूनच खाली बसत जाते. त्याची चाके अजून खालीच आहेत. तोवर आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका मित्राने कोणा निवृत्त वैमानिकाचे म्हणणे पाठवले होते, की सहवैमानिकाने चाके वर घ्यायची सोडून चुकून फ्लॅप्स वर घेतले असणार. फ्लॅप्स म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप. उड्डाणाच्या वेळी ती खाली उतरवलेली असते म्हणून कमी वेगातही विमान उचलले जाते. ती अवेळी आत घेतली तर विमान बसणारच. मला ते इतके पटले, की जेवणाच्या टेबलावर दोन चमचे मांडून मी मामांना समजावू लागलो. हा चाकांचा दांडा, हा फ्लॅप्सचा. ह्याऐवजी हा ओढला. संपले.

मामांनी ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "तुका कोणें सांगलें?"

तुला कोणी सांगितले. मी म्हटले, व्हिडिओत दिसतेच आहे ना. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही चमचे उचलून जागेवर ठेवले.

त्या दिवशी मी एकटाच तज्ज्ञ झालो नव्हतो. जिन्यात कोणी म्हणत होते पक्षी शिरले. कोणी म्हणे इंधनात पाणी होते, कोणी म्हणे घातपात. माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी त्या विमानात होते. त्यांच्या गाड्यांचा लाडका क्रमांक १२०६, आणि तारीखही १२-०६! ही बातमी तर वर्तमानपत्रांतही आली. वाचलेला प्रवासी ११ए या आसनावर होता, म्हणून लोक ११ए मागू लागले. थायलंडमधल्या एका गायकाने सांगितले, की १९९८ च्या अपघातातून वाचलो तेव्हा मीही ११ए वरच होतो. म्हणजे ज्याला पंख आणि इंजिन कळत नाही त्याच्यासाठी आकडे होते. रिकाम्या हाताने घरी कोणीच गेले नाही.

संध्याकाळी प्रवाशांचे देशवार आकडे आले. भारतीय १६९, ब्रिटिश ५३, पोर्तुगीज ७, कॅनडाचा १. समोरचा मुलगा म्हणाला, "अहमदाबादच्या विमानात पोर्तुगीज कशाला? यात काही तरी आहे." मामा आणि मी एकमेकांकडे पाहिले. आम्हा गोवेकरांना त्या सातांचा अर्थ सांगावा लागत नाही. १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस आणि त्याची मुलेबाळे लिस्बनला कागदपत्रे पाठवतात, पोर्तुगालचा पासपोर्ट घेतात आणि २०२० पर्यंत त्या पासपोर्टावर इंग्लंडमध्ये कामाला जात. दर सुट्टीत घरी येतात. आमच्या वाड्यावरचीही अशी किती तरी घरे आहेत. मुलगा म्हणत होता 'यात काही तरी आहे', आणि मला दिसत होते दीवच्या किनाऱ्यावरचे एखादे कुलूप लावलेले घर. त्यातली माणसे दोन आठवड्यांपूर्वी येऊन कुलूप काढून गेली असतील, पुन्हा लावून गेली असतील. त्याचा तर्क खोटा का, हे मला लगेच कळले, कारण ती माणसे माझ्या माहितीतली होती. वैमानिक माझ्या माहितीतले नव्हते. म्हणून त्यांच्याबद्दल मी दोन चमच्यांत निकाल लावला होता.

रात्री गॅलरीत बसलो असताना मामांनी सुरतेच्या म्हशीची गोष्ट काढली. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरतेच्या विमानतळावर दिल्लीला निघालेले बोईंग ७३७ धावपट्टीवर वेग घेत असताना म्हशीला धडकले. म्हैस मेली, माणसे सगळी सुखरूप. मामा म्हणाले, विमान निघालेच नाही एवढे आधी कळले, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे तासभर चर्चा चालली. इंजिनात आग, बाँबची धमकी, पायलटने घेतलेली दारू, सगळे होऊन गेले. "एकाच्याही तर्कात म्हैस नव्हती," मामा म्हणाले. मला हसू आले. ते मात्र हसले नाहीत. म्हशीचे कळल्यावर लोक पायलटला हसू लागले, एवढी मोठी म्हैस दिसली नाही म्हणून. काळी म्हैस, रात्र, आणि विमानाचा तो वेग. ती कुंपणाच्या आत आली कशी, हा खरा प्रश्न. पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

मला माझ्या लहानपणचा एक अपघात आठवला. १ जानेवारी १९७८. मी प्राथमिक शाळेत होतो. एअर इंडियाचे पहिले जंबो, 'सम्राट अशोक', मुंबईहून दुबईला निघाले आणि वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ माणसे होती, एकही वाचला नाही. आमच्या घरी पेपर वाचून मोठी माणसे घातपात, घातपात असे बोलत होती. मला त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण त्याची भीती वाटायची. चौकशीत स्फोटाची खूण कुठेच सापडली नाही. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले होते. बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज दिसायला वाव नाही. विमान डावीकडे कलत असता ते उजवीकडे कलले आहे असे समजून त्याने ते आणखी डावीकडे वळवले. एका काचेमागच्या खोट्या क्षितिजाने २१३ जीव घेतले. असले कारण कोणाला घरबसल्या सुचणार?

मी हे मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चौऱ्याण्णवच्या प्लेगात तू इथे नव्हतास."

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगचे रोगी सापडले आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. डॉक्टरसुद्धा गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. त्याच दिवसांत आवई उठली, की हा प्लेग नव्हेच, पाण्यात कोणी तरी विष कालवले आहे. मामांनी ते कारखान्याच्या फाटकावर ऐकले आणि घरी येऊन चाळीतली चार दारे ठोठावली. नळाचे पाणी पिऊ नका म्हणून सांगितले.

"एका घरात बाळंतीण होती. बाराव्याचीच तयारी चालली होती. ती दोघे त्याच रात्री पोराला घेऊन स्टेशनवर गेली. गाडीच्या दारात लोक लोंबकळत होते. नंतर ती परत आली नाहीत. का आली नाहीत, ते मला अजून ठाऊक नाही. पाण्यात विष नव्हते."

त्यांनी तेवढेच सांगितले. सुरतेतल्या मृत्यूंचा सरकारी आकडा शंभराच्या पुष्कळ आत राहिला. धावाधाव मात्र लाखांची. ही गोष्ट मोबाईल यायच्या आधीची आहे, हे लक्षात घ्या. आपण उगाच सगळे पाप मोबाईलवर घालतो.

मी गोव्यात परतलो. बरोबर महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल आला. तो मी रात्री जागून वाचला. चाकांचा दांडा खालीच होता. फ्लॅप्सचा दांडा ५ अंशांवर, उड्डाणाला हवा तिथेच. माझे दोन्ही चमचे जागच्या जागी होते! आजूबाजूला पक्ष्यांची विशेष हालचाल नव्हती. ज्या टँकरमधून इंधन भरले होते, त्यांतले नमुने चांगले निघाले. अहवालात लिहिले होते ते वेगळेच. जमीन सोडल्यावर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने 'बंद'कडे गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलेस? दुसरा म्हणतो, मी नाही केले. कोण कोणाला म्हणाले ते दिलेले नाही. दहा सेकंदांनी पहिला स्विच पुन्हा 'चालू'वर, चार सेकंदांनी दुसरा. इंजिने पुन्हा पेटू लागली होती. वेळ पुरला नाही.

स्विच बंद कसे झाले, कशामुळे झाले, हे त्या अहवालाने सांगितले नाही. ते काम आपण केले. चार वाक्यांवरून देशोदेशीच्या लोकांनी कप्तानाचे मन वाचून काढले. त्याच्या घरात काय चालले होते, तो दुःखी होता काय, सगळे. पंधरा हजारांहून अधिक तास विमान चालवलेला माणूस, तो उत्तर द्यायला येऊ शकत नव्हता. त्याचे नव्वदी गाठलेले वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितले, की हे ओझे तुम्ही मनावर बाळगू नका, तुमच्या मुलाला कोणी दोषी ठरवलेले नाही. हे ऐकायला त्या वयात एका बापाला दिल्लीपर्यंत दाद मागावी लागली.

अहवाल वाचला त्या रविवारी मी मामांना फोन केला होता. म्हटले, माझे चमचे चुकले. ते म्हणाले, "बरें जालें, वाचलेंस तरी."

मग मी त्यांना एक विचारले. अपघाताच्या त्याच संध्याकाळी मामांच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ वर आले होते. त्यांचा दूरचा नातलग त्या विमानात होता. ते अहमदाबादला निघाले होते, हातात पिशवी होती. समोरच्या मुलाने त्यांना सांगितले असावे, की मामांचा भाचा विमानाबद्दल सगळे जाणतो. ते दारातच उभे राहून मला म्हणाले, "भाई, तुम्ही एवढं वाचलंय. एक सांगा. आत बसलेल्यांना कळलं असेल का?"

आज मला ठाऊक आहे, की जमीन सोडल्यापासून शेवटपर्यंत ३२ सेकंद होते. तेव्हा तेही ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "नाही. काही कळलं नसेल. एका क्षणात झालं." ते मान हलवून जिना उतरून गेले.

मामा तिथेच बसले होते. दिवसभर ज्याला त्याला तो प्रश्न विचारणारे मामा त्या वेळी गप्प राहिले. फोनवर मी त्यांना म्हटले, तेव्हा नाही विचारलेत, तुका कोणें सांगलें म्हणून.

"ताका तें जाय आसलें," मामा म्हणाले. त्याला ते हवे होते.

आणि मग विचारले, गोव्यात पाऊस कसा आहे.