विचारणारा येऊन गेला

आधी नाव यायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत, सावकाश. मग खोलीचा क्रमांक, टेबलावरच्या फोनचे आकडे, आणि त्याखाली ती ओळ, जिच्यासाठी खरं तर सगळा खटाटोप असायचा: हा माणूस यंत्रासमोर शेवटचा कधी बसला होता, आणि आत्ता बसलेला असेल तर त्याची बोटं किती वेळापासून थांबली आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस, पवईतलं संगणक केंद्र, काचेबाहेर अडलेला पाऊस आणि आत हाडांत मुरणारा एसीचा गारवा. अशा रात्री 'फिंगर' ही आज्ञा आणि तिच्यापुढे सहकाऱ्याचं नाव टाइप केलं, की तो ओळीओळीनं समोर यायचा. सात मिनिटं शांत, म्हणजे चहाला गेला असणार. दीड तास शांत, म्हणजे खुर्चीतच डोळा लागला.

आकड्यांतून श्वास ऐकू यायचा.

ही आज्ञा 1971च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी लिहिली. तिथली माणसं यंत्रावर कोण कोण आहे याची यादी काढायची आणि तिच्यावरून बोट फिरवत आपला माणूस शोधायची. ते बोटाचं काम त्यांनी यंत्राला दिलं. नंतर लोकांना वाटलं, आपण जागेवर नसलो तर का नाही, कुठे भेटू, हेही लिहून ठेवता यावं. त्यातून 'प्लॅन' नावाची छोटीशी फाइल आली. आमच्याकडे कुणी तीत लिहायचा, गुरुवारपर्यंत दिल्लीत. कुणी लिहायचा, दार वाजवा, मी आत आहे. सुट्टीला गावी निघताना मी रोमन अक्षरांत लिहून ठेवायचो: दिवाळीपर्यंत मारेगाव. फोन लागणार नाही, पण विचारलं की सापडतो.

ते खरंच होतं. वणीहून येणारी एसटी स्टँडवर टेकली, की उतरणाऱ्यानं नुसतं नाव घ्यायचा अवकाश. पानठेल्यावरचा हात चुना लावता लावता थांबायचा, सायकलवरून जाणारा पाय जमिनीला टेकायचा, आणि पत्त्याच्या आधी त्या माणसाची अख्खी दुपार विचारणाऱ्याच्या ओंजळीत पडायची. "थो त आत्ताच वावरात गेला न जी. वेचाई चालू हाये. बसा, येतेच." काळ्या मातीतल्या पांढऱ्या कापसात कुठल्या धुऱ्याशी तो उभा असेल, हेही कुणीतरी सांगायचं. ट्रंक कॉलच्या दिवसांत तर एक्स्चेंजमधला माणूस नंबर जोडण्याआधीच बोलायचा: डॉक्टरसाहेब घरी नाहीत, वणीला गेलेत, रात्री लावून देतो. त्याला नंबर ठाऊक होता आणि माणूसही. दोन्ही एकाच तारेवर होते.

एर्नेट, म्हणजे देशातल्या संशोधन संस्थांना जोडणारं संगणकजाळं, 1986 साली सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, एवढाच त्याचा गोतावळा. पुढे समुद्रापलीकडे एक ओळ गेली, सेकंदाला 9.6 किलोबिटची, आज एक फोटोही जिच्यातून धड सरकणार नाही इतकी अरुंद. त्या अरुंद वाटेनं मी अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका सहकाऱ्याचं नाव विचारायचो. इकडे मध्यरात्र, तिकडे दुपार. उत्तर यायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात मला उगाचच तिथलं ऊन दिसायचं, त्याच्या टेबलावर तिरपं पडलेलं. मग ओळ उमटायची: आहे. तीन मिनिटं शांत. मी पत्र लिहीत नसे. लिहिण्यासारखं काही नसेच. एखाद्याच्या दाराशी जावं, आत दिवा दिसावा आणि हाक न मारता परतावं, तसं ते होतं.

एकदा स्वतःचंच नाव विचारलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी. वडिलांच्या नावासकट सगळं नाव आलं, शाळेच्या हजेरीपटात असावं तसं भरगच्च, आणि खाली यंत्राची टीप: नेव्हर लॉग्ड इन. नाव पोचलं होतं. मी अजून यायचा होतो.

आणि मग दारं मिटत गेली. त्याची सुरुवात आधीच झाली होती: 2 नोव्हेंबर 1988 च्या रात्री अमेरिकेत मॉरिसचा 'वर्म', म्हणजे यंत्रायंत्रांतून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सुटला, तेव्हा त्यानं आत शिरायला ज्या फटी शोधल्या, त्यांत फिंगरला उत्तर देणारा प्रोग्रॅमही होता. त्या सुट्या, विश्वासू दुनियेला पुढे पुढे अनोळखी माणसांची भीती वाटू लागली. एकेका संस्थेनं ही खिडकी लावून घेतली. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आता माझ्या फोनमध्ये कितीतरी नावं आहेत, कुणी शेवटचं कधी दिसलं हेही त्यांच्यापुढे असतं, पण ते पाहताना मनात हिशेब सुरू होतो: वाचलं, तरी उत्तर नाही. त्या हिरव्या अक्षरांकडे मी काही मागितलं नव्हतं.

तरी एक गोष्ट त्या यंत्राला कधी जमली नाही, जी मारेगावला जमायची. संध्याकाळी वावरातून परतणाऱ्याला स्टँडपासून घरापर्यंत किमान तिघं सांगायचे, "कोनी तरी इचारत होतं जी तुमाले." विचारणारा परत गेलेला असला, तरी त्याचं विचारणं गावात मुक्कामाला राहायचं, योग्य माणसाच्या कानी पडेपर्यंत. पडद्यावर मी ज्यांची नावं टाइप केली, त्यांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. कितीतरी रात्री मी त्यांच्या जागेपणाच्या आधारानं माझं काम संपवलं आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. निरोप राहून गेला तो गेलाच.

म्हणून आता मीच सांगतो: मी विचारत होतो.