रडणारी मालकीण

राधिका म्हटलं की मराठी माणसाला ‘नसीब अपना अपना’ या हिंदी सिनेमातली चंदू आठवते : शेंडीसारखी ताठ उभी वेणी, सावळा रंग फासलेला चेहरा आणि ऋषी कपूरपुढे बावरलेले डोळे. १९८६ साली त्या वेणीला आपण पोट धरून हसलो. चेन्नईत बिऱ्हाड थाटल्यावर कळलं, की तीच बाई इथल्या घराघरांतलं रात्रीचं जेवण ठरवते.

भारतीराजाच्या ‘किळक्के पोगुम रेल’मधून ती १९७८ साली पडद्यावर आली. वडील एम. आर. राधा, तिखट जिभेचे नट. १९६७ साली एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडल्याबद्दल तुरुंगात गेलेले. अशा घरातली मुलगी फारशी भित्री निघायची नाही. नायिका म्हणून तिने भरपूर काम केलं. पण सिनेमाचा हिशेब ठरलेला. नायकाच्या केसांना कलप चढत राहतो, नायिकेला वहिनी आणि आई व्हावं लागतं.

तिने तो हिशेबच नाकारला. त्या काळी सन टीव्हीवर निर्माते वेळ विकत घ्यायचे, मालिका स्वतःच्या पैशाने काढायचे आणि वाट्याला आलेली जाहिरातींची मिनिटं विकून खर्च भरून काढायचे. जोखीम सगळी निर्मात्याची. राधिकाच्या राडान कंपनीने १९९९च्या अखेरीस ‘चित्ती’ आणली, त्यातल्या नायिकेची, शारदाची भूमिका तिनेच केली, आणि तमिळनाडूने दोन वर्षं दुसरं काही पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल.

वेस्ट मांबलममधल्या आमच्या घरमालकीण मामी या मालिकेच्या वेळी विळी घेऊन टीव्हीपुढे बसत, उद्याच्या सांबारासाठी शेवग्याच्या शेंगा कापायला. शारदाच्या डोळ्यांत पाणी आलं की शेंग हातात तशीच राही. साबणाची जाहिरात लागली की सपासप विळी चाले. मामींना ते ठाऊक नव्हतं, पण राधिकाचा गल्लाही नेमका त्याच मिनिटांत भरत होता.

त्या मालिका मला सोसल्या नाहीत, हे कबूल. रडणं फार, आणि एका संशयावर महिनाभर भाग. पण बाई कामाला वाघीण. ‘वाणी राणी’त (२०१३ ते २०१८) ती दुहेरी भूमिकेत होती : एक वकील, एक गृहिणी, आणि भाग सतराशेच्या वर. पडद्यावर सोसणारी बाई पडद्यामागे शेकडो जणांचा पगार काढते, हा विरोधाभास मला तिच्या कुठल्याही कथानकापेक्षा चटकदार वाटतो.

पडद्यावर नायिका आणि पडद्यामागे मालकीण, हे अमेरिकेत ल्युसिल बॉलने आधीच करून दाखवलं होतं. ‘आय लव्ह ल्युसी’ १९५१ साली सुरू झाली तेव्हा ती चाळिशीची होती. सिनेमाने तिला कधी पहिल्या रांगेत बसवलंच नव्हतं. १९६२मध्ये ती ही मालिका काढणाऱ्या देसिलू स्टुडिओची प्रमुख झाली. आपल्याकडे स्मिता तळवलकर बातम्या देता देता निर्मात्या झाल्या, ‘अवंतिका’ त्यांचीच. मात्र तिथे नायिका मृणाल कुलकर्णी होत्या. राधिकाने गल्ला आणि ग्लिसरीन दोन्ही स्वतःकडे ठेवलं.

२०२०मध्ये ‘चित्ती २’ आली. वर्षभराने राधिका तिच्यातून बाहेर पडली, राजकारणासाठी. मालिका तिच्याशिवाय पुढे चालली. निर्माती म्हणून नाव अर्थात राडानचंच होतं.