नील कॅफ्रे आता मला आवडत नाही

‘व्हाइट कॉलर’ ही अमेरिकन मालिका मी झपाटल्यासारखी पाहिली. २००९ ते २०१४ अशी चाललेली. तिचा नायक नील कॅफ्रे हुबेहूब नकली चित्रं काढतो, मोलाच्या वस्तू हातोहात लांबवतो आणि पकडला गेल्यावर एफबीआयच्याच मदतीला येतो. रक्त सांडत नाही, गोरगरीब नाडला जात नाही. कलेची चोरी म्हणजे चोरीतला सभ्य प्रकार, असं माझं पक्कं मत होतं आणि त्यासाठी मी मित्रांशी भांडायचो.

ते मत आता राहिलेलं नाही.

पहिला तडा दिवेआगरमुळे गेला. १९९७ साली तिथल्या सुपारीच्या वाडीत सापडलेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी पळवला. दोन पहारेकऱ्यांचा जीव घेतला, मुखवटा वितळवला. जप्त सोन्यातून नवा मुखवटा घडवून २०२१ मध्ये बसवला गेला, पण ती जुनी घडण गेली ती गेलीच.

तरी वाटायचं, हे दरोडेखोर. खरा कलाचोर असा नसतो. मग सुभाष कपूरचं प्रकरण वाचलं. न्यूयॉर्कमध्ये प्राचीन कलावस्तूंचं दालन आणि मोठमोठी संग्रहालयं गिऱ्हाईक. अगदी कॅफ्रेच. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज त्याने २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीला ५० लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला. सोबत बनावट कागद : मूर्ती म्हणे एका सुदानी मुत्सद्द्याने दिल्लीत विकत घेतलेली, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या आधीची. एवढ्यावर सगळं खपलं. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे देवळातल्या त्या मूर्तीचा जुना फोटो होता. त्याच्याशी ताडून पाहता आलं आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला. २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने कपूरला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

तो फोटो माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या चिंतामणीला कोण ओळखत नाही! पण आडगावातल्या पडक्या हेमाडपंती देवळांचे दगड पारावर, लिंबाखाली, शेताच्या धुऱ्यावर पडून आहेत. आमच्या गावच्या पारावरही एक मूर्ती आहे. शेंदराची पुटं इतकी, की देवाचा चेहराच दिसत नाही. खालच्या कडेला मात्र चवरी धरलेली वीतभर बाई अजून स्पष्ट आहे. तिचा उजवा कान उडालेला, कमरपट्ट्याचा मणी न् मणी मोजता येतो. गावातला प्रत्येक नवरदेव आधी इथे नारळ फोडतो. लग्नाच्या अल्बमांत नवरदेव दिसतो, मूर्ती त्याच्या पाठीमागे झाकलेली. उद्या ती कोणी उचलली, तर ठाण्यात काय लिहून देणार? ‘एक दगडी मूर्ती, शेंदूर लावलेली’? अशा मूर्ती गावोगाव आहेत. परदेशातल्या विक्रेत्याच्या टाइप केलेल्या कागदापुढे असं वर्णन टिकणार नाही. तो उडालेला कान टिकेल, पण फोटोत असेल तरच.

म्हणून विनंती आहे. पोळ्याला गावी जाल तेव्हा पारावरच्या मूर्तीचे मोजपट्टी लावून चारही बाजूंनी फोटो काढा. भेगा, टवके जवळून घ्या. मागे गावाचं नाव आणि तारीख लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक पोलीस ठाण्यात, आणि एक घरी ठेवा.