तारामतीचा लोटा

लहानपणी केलेली चोरी पकडली जावी, हे भाग्याचे लक्षण! चार चपराका बसतात आणि हिशेब मिटतो. माझी चोरी मात्र पचली, आणि त्यामुळेच इतकी वर्षे ती पोटात दुखते आहे.

परवा एका मित्राकडे चित्रांचे पुस्तक चाळत होतो. एका पानावर ब्राँझची दौत दिसली. १८८० सालची, फ्रान्समधली. पंख वटवाघळाचे, शेपटी माशाची, चेहरा मात्र एका स्त्रीचा! दोन्ही खांद्यांवर नाटकातले मुखवटे. त्या काळची जगविख्यात नटी सारा बर्नहार्ट हिने आपलेच रूप स्वतःच्या हाताने असे घडवले होते. इतक्या टाळ्या घेणाऱ्या बाईला हा खटाटोप का सुचावा? उत्तर सुचले आणि मी पुस्तक मिटले. पडदा पडला, की टाळ्या घरी नेता येत नाहीत. धातू नेता येतो.

मला आमचे मोठेबाबा आठवले.

आमचे भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचे गाव. आणि भोवतालची झाडीपट्टी म्हणजे नाटकवेडा मुलूख. धान घरात आले, दिवाळीनंतरच्या मंडई सुरू झाल्या, की रात्र रात्र नाटके चालत. तेव्हा स्त्रियांची कामे पुरुष करीत. मोठेबाबांची तारामती पाहून एका गावाने त्यांना पितळेचा जाडजूड लोटा दिला. त्यावर ठिपक्यांनी नाव घातले होते, ‘तारामती’! मोठीआई त्या लोट्याला ‘माझी सवत’ म्हणे. पण चिंचेने घासून लख्ख ठेवी तीच.

१९८२ साली मी नागपूरला कॉलेजात होतो. घरोघर स्टीलची भांडी येत होती आणि पितळ मोडीत निघत होते. खिशात पैसे नव्हते. एके दुपारी मी लोटा मोडीत घातला. दुकानदाराने नाव वाचलेसुद्धा नाही, फक्त वजन केले. त्या पैशांत मी मित्रांसह दोन सिनेमे पाहिले.

मोठेबाबांनी आठवडाभर लोटा शोधला. मग म्हणाले, “जाऊ दे. नाटक संपलं की तारामती जातेच.”

आता मोठेबाबा नाहीत. झाडीपट्टीत स्त्रियांची कामे आता स्त्रियाच करतात. पुस्तक मिटले त्याच आठवड्यात मी भंडाऱ्याला गेलो, पितळेचा नवा लोटा घेतला आणि त्यावर नाव घालून घेतले.

मोठीआईला हल्ली नीट दिसत नाही. मी काही न बोलता लोटा तिच्या हातात दिला. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवले. मग लोटा तळहातावर तोलून पाहिला.

“आली का माझी सवत?” ती हसली. “पण तू नेलीस ती अंगानं जड होती रे, बाबू!”