सुईची जागा

मधुमेहाशीं आमची सोयरीक होऊन आठ वर्षें झालीं. पैकीं शेवटचीं तीन इन्शुलिनच्या सुईच्या साक्षीनें गेलीं. आरंभीं टोचलेल्या जागीं रुपयाएवढा लाल चट्टा उठे व खाज सुटे. आम्ही खाजवूं लागलों कीं स्वयंपाकघरांतून आवाज येई, "अहो, हात काढा तिथून!" उपाय साधेच होते. फ्रिजमधील थंडगार औषध कांहीं वेळ बाहेर ठेवावें, स्पिरिट वाळूं द्यावें, सुई नित्य नवी घ्यावी, चट्ट्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवावी. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरंटोस लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास पहिलें इन्शुलिन टोचलें, तेव्हां त्याच्याही सुईच्या जागीं गळूं झालें होतें. कॉलिपनें शुद्ध केलेलें औषध २३ तारखेस दिल्यावर गुण आला. हें वाचून आमचा चट्टा आम्हांस ऐतिहासिक वाटूं लागला. पंधरवड्यांत तो गेला, व आम्ही या विद्येंत स्वतःस पारंगत समजूं लागलों.

पुढें बेंबीच्या डावीकडे चार बोटांवर एक जागा अशी सांपडली कीं तेथें सुई कळतच नसे. वाचनालयांत नेमकी एकच खुर्ची धरणाऱ्या गृहस्थाप्रमाणें आम्ही तिला चिकटलों. कांहीं महिन्यांनीं तेथें लिंबाएवढा मऊ फुगवटा आला. दुखत नसल्यामुळें, पोट सुटलेंच आहे, त्याचाच हा एक पोटविभाग, असें आम्हीं ठरविलें. साखर मात्र आज ३००, उद्यां ९०. आम्ही आपल्याच मतानें युनिटें वाढवीत गेलों.

महागावांतील एका परिचारिकेनें बोट लावतांच सांगितलें, "सर, जागा बदलवत जा. इथं चरबीची गाठ झाली. पण आधी डॉक्टरला भेटा." एकाच जागीं टोचल्यानें अशी चरबी सांचते, संवेदना मंदावते, आणि औषध कधीं अडून राहतें, कधीं एकदम सुटतें. बाईंचें शेवटचें वाक्य आम्हीं गाळलें. दुसऱ्या दिवशीं तितकींच युनिटें मांडींत घेऊन वर्गावर गेलों. निरोगी जागेंतून तीं पुरेपूर भिनलीं. मॅक्बेथ चालू असतां पुस्तकांतील अक्षरें पोहूं लागलीं, दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले. मुलें स्तब्ध होतीं. त्यांना तो अभिनय वाटला असावा. ज्याला आम्हीं दोनदां वर्गाबाहेर काढलें होतें, तो मागच्या बाकावरून धांवत आला व डब्यांतला गूळ त्यानें आमच्या तोंडांत घातला. "माझी माय बी घेते सर इन्शुलिन," एवढेंच तो म्हणाला.

डॉक्टरांनीं युनिटें कमी केलीं. आतां सौभाग्यवतींनीं पोटाचे चार भाग पाडून दिले आहेत; दर आठवड्यास एक, आणि प्रत्येक टोंचणी मागचीपासून बोटभर दूर. गाठीला हात लावावयाचा नाहीं. ती हळूहळू ओसरते आहे. लाली पसरली, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला तर दवाखाना. सर्वांगावर गांधी उठून श्वास कोंडला तर क्षणाचाही विलंब नाहीं, हें त्यांनीं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलें आहे. वैशाखांत वापरांतली कुपी ओल्या वाळूंत बसविलेल्या मडक्यांत राहते.

तो मुलगा हल्लीं पहिल्या बाकावर बसतो. हजेरी घेतांना आम्ही त्याच्याकडे पाहण्यापूर्वीं तोच आमच्याकडे निरखून पाहतो.